वंशावळीचे दप्तर आणि त्यातल्या वाटा



कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संप, बोनस किंवा किमान वेतन ह्यांवर बोलणार, अशी आपली अटकळ असणार. चालकांचे पत्र आले तेव्हा मीही मनाशी तेच विषय धरले होते. परंतु गेली काही वर्षे माझ्या पुष्कळशा रात्री एका निराळ्याच कामात गेल्या, आणि त्या कामाने मला जे शिकवले ते चार जाणत्या माणसांपुढे मांडावे असे वाटू लागले. माझा आजचा विषय आहे वंशावळीचे दप्तर. संगणकावर वंशावळ ठेवण्यासाठी जे प्रोग्राम असतात, त्यांत माणसांच्या नोंदी असतात, कुटुंबांच्या असतात, जन्म, विवाह, मृत्यू अशा घटनांच्या असतात, गावांच्या असतात आणि कागदपत्रांच्याही असतात. ह्यांतील एका प्रकारच्या नोंदीवरून दुसऱ्या प्रकारच्या नोंदीवर जावयाची वाट कशी आखावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

विषय ऐकून कोणी म्हणेल, हे तर कारकुनी काम झाले. खरे आहे, कारकुनीच आहे. पण कारकुनी नीट नसली म्हणजे गरिबाचा हक्क कसा बुडतो हे ज्याने जन्मभर पाहिले, तो तिला हलके म्हणणार नाही. मी संगणक शिकलो तो कार्यालयातल्या पोरांना विचारून आणि चुकत चुकत. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी बोलत नाही. ज्याची एक चूक दुसऱ्याच्या अंगावर आली, अशा माणसाच्या अनुभवाने बोलतो.

ती चूक आधी सांगतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि त्या जमिनींतला काही वाटा तरी कामगारांच्या घरांसाठी मिळावा म्हणून दीर्घकाळ लढा चालला. जून २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज जवळजवळ दीड लाखांच्या घरात होते. अर्जदारांत खुद्द कामगार होते, तशा त्यांच्या विधवा होत्या, मुले होती, नातवंडे होती. प्रत्येकाला दोन गोष्टी दाखवावयाच्या होत्या. एक, हा माणूस गिरणीत होता. दोन, मी त्या माणसाचा वारस आहे. पहिली गोष्ट गिरणीच्या कागदांत, दुसरी गावच्या आणि घरच्या कागदांत. दोन्हींच्या मध्ये वाट पाहिजे.

अशाच कामासाठी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आली. तिच्या पिशवीत कागद भरपूर होते. गिरणीचा बिल्ला होता, विम्याचे कार्ड होते, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या होत्या, रेशनकार्ड होते, गावचा उतारा होता. गिरणीच्या कागदावर तिच्या नवऱ्याचे नाव आणि बापाचे नाव एवढेच, आडनावाचा पत्ता नाही. विम्याच्या कार्डावर आडनाव आहे, पण बापाचे नाव चुकलेले. गावच्या उताऱ्यावर लहानपणचे हाक मारण्याचे नाव. कागद सगळे खरे, आणि माणूस एकच. मी वही काढली, एक पान त्या माणसाच्या नावाने घातले, सगळे कागद वाचले आणि सार लिहून काढले. अमुक साली लागला, अमुक खात्यात होता, १९८२ च्या सुरुवातीस कामावर होता. कागद पिशवीत परत गेले आणि वही माझ्यापाशी राहिली.

काही महिन्यांनी दुसरा एक तरुण आला. गाव तेच, भावकी तीच, त्याच्या बापाचे नाव तेच, आजोबांचेही नाव तेच. फक्त गिरणीतले खाते वेगळे. त्याच्याजवळच्या कागदावरचा तिकीट नंबर मी वहीत म्हातारीच्या नवऱ्यापुढे लिहिलेला होता. भावकीतल्या कोणी तरी एका पिशवीतली पावती दुसऱ्या पिशवीत घातली होती, आणि मी दोन माणसांचा एक माणूस करून टाकला होता. चूक कळली, पण ती किती खोल गेली आहे हे मला सांगता येईना. वहीत लिहिलेले लागल्याचे साल कोणत्या कागदावरून घेतले? खात्याचे नाव कोणत्या कागदावरून? त्या एका पावतीच्या भरवशावर मी आणखी काय काय लिहून बसलो होतो? वहीत निष्कर्ष होते, पण ते कोठून आले ह्याची वाट मी राखली नव्हती. म्हातारीला पुन्हा गावाहून बोलवावे लागले, सगळे कागद पहिल्यापासून वाचावे लागले, आणि दोन घरांचे अर्ज त्या काळात खोळंबून राहिले. दोघांपैकी कोणाचाही हक्क बुडाला नाही, ही नशिबाची गोष्ट. माझ्या वहीची त्यात काही करामत नव्हती.

त्या दिवसापासून मी हे दप्तर कसे असावे ह्याचा विचार करू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, आपल्या गावच्या तलाठ्याने ह्यातले पुष्कळसे कोडे संगणकाच्या कितीतरी आधी सोडवलेले आहे. आपण सातबाराचा उतारा पुष्कळदा हातात घेतला असेल. सातबारा ही जमिनीची नोंद. एक गट किंवा एक सर्व्हे नंबर, आणि त्यावर कोणाकोणाची नावे. जमिनीवरून माणसाकडे जाण्याची ती वाट झाली. उलट बाजूने यावयाचे तर आठ-अ चा उतारा. तेथे खातेदार एक, आणि गावात त्याच्या नावावर असलेल्या जमिनी खाली ओळीने. म्हणजे माणसावरून जमिनीकडे. सातबारावर नावांच्या शेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे नंबर. त्या आकड्याला धरून गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत गेले, की हे नाव येथे का आले, खरेदीने की वारसाने, हे कळते. वारसाचे प्रकरण असेल तर त्याची निराळी नोंदवही, नमुना सहा-क. ह्या व्यवस्थेतही घोळ होतात हे मला ठाऊक आहे. भावाभावांची निम्मी भांडणे तेथूनच निघतात. पण तिची मांडणी पाहा. जमीन वेगळी, माणूस वेगळा, घडलेली गोष्ट वेगळी, वारस वेगळे, आणि एका वहीतून दुसरीत जावयाला नंबराची किल्ली. माझ्या वहीत नेमकी हीच किल्ली नव्हती.

आता संगणकाकडे वळू. वंशावळीच्या प्रोग्रामांची जी सामाईक भाषा आज जगभर चालते तिचे नाव जेडकॉम. अमेरिकेतल्या युटा प्रांतातील मॉर्मन पंथाच्या चर्चने ती १९८४ साली प्रथम काढली. पूर्वजांची माहिती जमवणे हे त्या पंथात धर्मकार्य मानतात, म्हणून त्यांनी ह्या कामी अतोनात कष्ट घेतले आहेत. १९९६ ची तिची आवृत्ती पुढे कित्येक वर्षे चालली, आणि २०२१ साली सातवी आवृत्ती निघाली. जेडकॉमने माणसाची नोंद आणि कुटुंबाची नोंद निराळी केली. माणसाच्या नोंदीतून दोन दिशांना बोट जाते. एक, ज्या कुटुंबात तो मूल म्हणून आला त्या कुटुंबाकडे. दुसरे, ज्या कुटुंबात तो नवरा किंवा बायको म्हणून आहे त्याकडे. आणि कुटुंबाच्या नोंदीतून नवऱ्याकडे, बायकोकडे आणि मुलांकडे बोट परत येते. म्हणजे येथे वाट दुहेरी आहे. बापाकडून मुलाकडे उतरा किंवा मुलाकडून बापाकडे चढा, रस्ता बंद होत नाही.

परंतु पुराव्याच्या बाबतीत तसे नाही. तेथे जन्माच्या ओळीखालून कागदाच्या नोंदीकडे बोट जाते, पण कागदाच्या नोंदीतून परत बोट येत नाही. ह्या कागदावर कोणाकोणाचे काय काय उभे आहे हे कागदाला माहीत नसते. ते प्रोग्रामने स्वतः हुडकून दाखवले तर दिसते, नाही तर नाही. स्थळाचे तर त्याहून वाईट. जेडकॉममध्ये गावाला स्वतःची नोंदच नाही. गाव म्हणजे घटनेच्या खाली लिहिलेली काही अक्षरे, आणि सातव्या आवृत्तीतही हे बदललेले नाही. एके ठिकाणी सातारा लिहिले, दुसरीकडे जिल्हा सातारा लिहिले, की अक्षरांच्या हिशेबी ती दोन ठिकाणे झाली. ह्या गावातून कोण कोण मुंबईला गेले असा प्रश्न त्या दप्तराला सरळ विचारता येत नाही. आणि गिरणगावाचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न अगदी पहिला. गावकीच्या गाळ्यात एका गावची माणसे राहत, आणि एकाच्या ओळखीने दुसरा कामाला लागे. गाव हा आमच्याकडे नात्याइतकाच घट्ट धागा होता.

ह्या उणिवा ओळखून ज्यांनी पुढचे पाऊल टाकले त्यांत ग्रॅम्प्स नावाचा एक प्रोग्राम आहे. डॉन ॲलिंगहॅम ह्यांनी २००१ साली तो सुरू केला, आणि आज अनेक देशांतली माणसे आपापल्या फुरसतीत तो चालवतात. तो फुकट मिळतो आणि त्याची अंतर्गत रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते. मला त्याचे आकर्षण वाटले त्याचे हेही एक कारण. त्यात नऊ प्रकारच्या मुख्य नोंदी आहेत. व्यक्ती, कुटुंब, घटना, स्थळ, साधन, हवाला, भांडार, चित्रे-कागदांच्या प्रती आणि टिपण. साधन म्हणजे वही किंवा कागद. हवाला म्हणजे त्या वहीतले नेमके पान आणि ओळ. भांडार म्हणजे ती वही जेथे ठेवलेली आहे ते कार्यालय किंवा घर. एक माणूस जन्मला असे लिहिले, तर त्या माणसावरून जन्माच्या घटनेवर जावे, घटनेवरून हवाल्यावर, हवाल्यावरून साधनावर आणि साधनावरून भांडारापर्यंत. पाच मुक्काम झाले. आणि बहुतेक नोंदींच्या खिडकीत संदर्भ नावाचे एक पान असते. ही नोंद दुसऱ्या कोणकोणत्या नोंदींनी धरलेली आहे, ह्याची तेथे यादी लागते.

हे पान प्रथम पाहिले तेव्हा मला माझी वही आठवली. त्या चुकीच्या पावतीची नोंद उघडून हे पान पाहता आले असते, तर तिच्या भरवशावर मी काय काय लिहिले आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसले असते. तेवढेच काढून टाकले असते आणि बाकीचे जेथल्या तेथे राहिले असते. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, दप्तरातली प्रत्येक वाट दुहेरी असावी. जाण्याची वाट सोय करते. येण्याची वाट न्याय करते. निष्कर्षावरून कागदाकडे जाता आले म्हणजे पुरावा देता येतो, आणि कागदावरून निष्कर्षाकडे परत येता आले म्हणजे चूक निस्तरता येते.

हा विचार केवळ वंशावळीपुरता नाही. व्हॅनेव्हार बुश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ सालीच एका यंत्राची कल्पना मांडली होती. वाचकाने एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना जी वाट पाडली ती त्या यंत्राने जपून ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे टेड नेल्सनने हायपरटेक्स्ट हा शब्द १९६५ साली रूढ केला, आणि दुवे दोन्ही बाजूंनी दिसावेत असा त्याचा आग्रह राहिला. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली मांडलेले जगद्व्यापी जाळे मात्र एकेरी दुव्यांचे झाले. त्यामुळे ते झपाट्याने पसरले हे खरे, कारण कोणाचीही परवानगी न घेता कोणाकडेही बोट दाखवता आले. पण आपल्याकडे कोण बोट दाखवतो हे त्यातल्या पानाला आपले आपण कळत नाही. बातम्यांच्या आणि बाजाराच्या कामाला हे चालून जाईल. ज्या दप्तरावर माणसाचा वारसा ठरावयाचा, त्याला चालणार नाही.

दुसरी गोष्ट थोडी बारीक आहे, पण रोज काम करणाराला तीच अधिक जाचते. समजा, मी एका व्यक्तीच्या नोंदीवर बसलो आहे. तेथून मी घटनांच्या विभागात गेलो. आता माझ्यापुढे कोणती घटना यावी? मघाच्या व्यक्तीची यावी, की मागल्या खेपेस घटनांच्या विभागात मी जी पाहत होतो ती यावी? ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक विभाग आपापली चालू नोंद आणि आपापला मागोवा स्वतंत्र ठेवतो. व्यक्तींच्या विभागात मागे हे बटन दाबले की मागची व्यक्ती येते. घटनांच्या विभागात दाबले की मागची घटना येते. जो एका वेळी एकाच प्रकारच्या नोंदी तपासतो, दिवसभर नुसती गावांची नावे सुधारतो, त्याला ही पद्धत फार सोयीची. त्याची जागा कोणी हलवत नाही.

पण शोध घेणारा माणूस असा एका रांगेत चालत नाही. तो माणसावरून लग्नावर जातो, लग्नावरून साक्षीदारावर, साक्षीदारावरून त्याच्या गावावर, गावावरून त्या गावच्या वहीवर. आणि तेथे काही सापडले म्हणजे त्याला आल्या वाटेनेच परत फिरावयाचे असते. परत फिरताना जर त्याला मागच्या व्यक्तीऐवजी मागची घटना दाखवली, तर तो आपण कोठून आलो हेच विसरतो. ही विसरण्याची जागा धोक्याची आहे. दोन एकाच नावाच्या माणसांचे कागद जे एकत्र होतात ते बहुधा अशा वेळी होतात. थकलेला माणूस रात्री अकरा वाजता परत येतो, पुढे एक नाव दिसते, ते मघाचेच असे तो धरून चालतो, आणि हातातला कागद तेथे चिकटवून झोपी जातो.

तेव्हा माझे म्हणणे असे की, मागोवे दोन ठेवावेत. एक विभागाचा, आज आहे तसा. दुसरा शोधाचा. शोधाचा मागोवा नोंदीचा प्रकार न पाहता पावलामागून पाऊल लिहीत जावा, आणि तो पडद्याच्या माथ्यावर सारखा दिसत राहावा. अमुक माणूस, त्याचे लग्न, त्याचा साक्षीदार, त्याचे गाव, अशी साखळी. तिच्यातल्या कोणत्याही कडीवर बोट ठेवले की तेथे जाता यावे. घाटात वाट चुकू नये म्हणून धनगर दगडावर दगड ठेवीत जातो, त्यातलाच हा प्रकार. आणि साखळीत नुसते नाव न दाखवता नावाबरोबर ओळखीची खूण दाखवावी. वर्ष दाखवावे, गाव दाखवावे, नोंदीचा क्रमांक दाखवावा. एकाच नावाचे दोन माणूस असणे हा आपल्याकडे अपवाद नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असलेल्या समाजात तो नियमच आहे.

तिसरी गोष्ट वाटेवरच्या पाटीची. नोंद क्रमांक इतका, एवढीच पाटी असेल तर पुढे काय आहे हे तेथे जाऊन पोहोचेपर्यंत कळत नाही. एका लग्नाच्या घटनेला दहा माणसे जोडलेली असतात. कोणी वर, कोणी वधू, कोणी साक्षीदार, कोणी लग्न लावणारा. ग्रॅम्प्समध्ये घटनेशी माणसाचे नाते कोणत्या भूमिकेचे हे नोंदता येते, आणि ते चांगले आहे. वाटेवरच ती भूमिका लिहिलेली असावी. आणि जेथे वाट नाही तेथे ती नाही हेही लिहिलेले असावे. जन्मतारीख आहे पण तिला हवाला नाही, तर त्या जागी कोरे ठेवू नये, पुरावा जोडलेला नाही असे स्पष्ट दिसावे. माझ्या वहीत लागल्याचे साल मोठ्या ठसठशीत अक्षरात होते. त्याच्या ठसठशीतपणावर मीच फसलो. ज्या गोष्टीला आधार नाही ती आधार असलेल्या गोष्टीसारखी दिसू लागली, म्हणजे दप्तर खोटे बोलू लागते. ते लिहिणारा प्रामाणिक असला म्हणून त्यात फरक पडत नाही.

चौथी गोष्ट बायकांची. ती मी शेवटी घेतली आहे, पण तिचे मोल शेवटचे नाही. वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असा कुर्सीनामा येतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि कित्येक घरांत तिचे स्वतःचे नावही बदलत आले आहे. म्हणजे तीनही शब्द नवे. आडनावाच्या यादीवरून शोधणाऱ्याला माहेरची मुलगी आणि सासरची सून ह्या दोन निराळ्या बाया वाटतात. जन्माचा कागद एका नावाचा, मृत्यूचा दुसऱ्या नावाचा, आणि मध्ये लग्नाचा कागद असेल तर असेल. अशा दप्तरात बाईला शोधावयाचे तर नावावरून जाऊन भागत नाही, कुटुंबाच्या नोंदीवरूनच जावे लागते. म्हणून कुटुंबाची नोंद हा नुसता घरांचा हिशेब नाही, तो दोन घराण्यांमधला चौक आहे. त्या चौकातून माहेरचीही वाट सासरच्या वाटेइतकीच रुंद असली पाहिजे. एका व्यक्तीला अनेक नावे जोडता येतात ती सोय ह्या प्रोग्रामांत असते. पण ती सगळी नावे शोधाच्या यादीत सारख्या मानाने आली पाहिजेत. माहेरचे नाव आत कोठे तरी टिपणात दडवून ठेवले, तर ते असून नसल्यासारखे.

ह्या सगळ्याचे महत्त्व आज आपल्या राज्यात घरोघर कळू लागले आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, आणि जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मान आला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी आज शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दिसते ते एवढेच की, जुन्या वहीत नोंद सापडणे हे अर्धे काम आहे. त्या नोंदीतला माणूस आणि आज अर्ज घेऊन उभा असलेला माणूस, ह्यांच्यामध्ये चार-पाच पिढ्यांची वाट दाखवणे हे उरलेले अर्धे. पहिले काम दप्तरखान्याचे, दुसरे वंशावळीचे. नोंद आहे पण वाट नाही, असे म्हणत परत जाणारी माणसे कोणत्याही बाजूची असोत, त्यांचे दुःख एकच आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाही तर माझ्या धंद्याशी मी बेइमान होईन. ज्या वाटेने वारस जातो त्याच वाटेने दुसराही कोणी जाऊ शकतो. कामगारांची यादी त्यांना घरे देण्यासाठी करता येते, तशीच त्यांना कामावर न घेण्यासाठीही करता येते. चळवळीतल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. दत्तक, दुसरे लग्न, सोडचिठ्ठी, आजार, जात, अशा गोष्टी वंशावळीत येतात, आणि हयात माणसांच्या बाबतीत त्या कोणालाही उघड्या असू नयेत. ग्रॅम्प्समध्ये नोंदीला खाजगी म्हणून कुलूप लावता येते आणि दुसऱ्याला प्रत देताना हयात माणसांची माहिती वगळता येते. ही सोय वापरावी. प्रत्येक वाट दुहेरी असावी असे मी म्हटले, प्रत्येक वाट सरकारी रस्ता असावी असे म्हटलेले नाही. घरातल्या घरात जी दारे उघडी असतात ती रस्त्याच्या बाजूने बंदच असावी लागतात.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या मागे अशी पिशवी असेल. माझी विनंती आहे की, संगणक असो वा साधी दोनशे पानी वही असो, ह्या सुट्टीत ती पिशवी सोडा. प्रत्येक कागदाला एक नंबर द्या. वहीत जे लिहाल त्याच्यापुढे कोणत्या नंबरच्या कागदावरून लिहिले ते लिहा. आणि वहीच्या शेवटी उलटी यादी करा, ह्या नंबरच्या कागदावरून कोणत्या पानावर काय लिहिले. एवढे केलेत की आज मी जे सांगितले त्यातले बारा आणे आपल्या घरात झाले. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर हे करा. कागद बोलतात ते फार थोडे. हा कोण, असे विचारल्यावर उत्तर देणारे तोंड घरात असले तर त्या कागदाला किंमत.

जाता जाता त्या म्हातारीची गोष्ट पुरी करतो. कागद पुन्हा वाचून झाले, दोघा माणसांची पाने वेगळी झाली, तेव्हा मी तिला वही दाखवली. हा तुझा नवरा, हा त्याचा बाप, हा तुझा मुलगा, असे बोट ठेवून सांगितले. ती लिहावाचायला शिकलेली नव्हती, पण तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी पाहिले. तिचे नाव त्या पानावर नव्हते. नवऱ्याची विधवा, अमुक मुलाची आई, असे दोन ठिकाणी लिहिलेले होते. अर्ज तिचा, पिशवी तिने सांभाळलेली, इतकी वर्षे एक पावतीसुद्धा टाकून न देणारी ती. मी तिला म्हटले, "मावशी, चुकलं माझं. माहेरचं नाव सांगा." तिने सांगितले, तिच्या बापाचे नाव सांगितले, गाव सांगितले, आणि मी तिच्यासाठी नवे पान घातले. त्या पानाला नंबर दिला आणि बाकीच्या पानांवर तो नंबर लिहिला.